मुलांचें मन आणि मोहनिद्रा
(नभोवाणीवरील भाषण)



मी व्यवसायानें प्राथमिक शिक्षक. मॅट्रिक झालों, शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि मावळांतल्या निरनिराळ्या खेड्यांत ३६ वर्षें मुलांना बाराखडी व पाढे शिकवून निवृत्त झालों. मानसशास्त्राचा मी पदवीधर नाहीं. डॉक्टर तर नाहींच नाहीं. म्हणून 'मुलांच्या मनाच्या अडचणी व संमोहन-उपचार' या विषयावर बोलण्याची सूचना आली तेव्हां मीं प्रथम नकारच दिला होता. मागाहून विचार केला कीं, या विषयांत मीं एकदां मोठी चूक केलेली आहे, आणि एकदां चांगल्या हातांनीं होत असलेलें काम शेजारीं बसून पाहिलेलें आहे. शास्त्र सांगावयास तज्ज्ञ आहेत. ज्यानें चूक केली त्यानें निदान ती चूक सांगावी, एवढ्याच अधिकारावर मी या ध्वनिक्षेपकासमोर बसलों आहें.

चुकीपासूनच आरंभ करतों. साल १९८८. इंद्रायणीच्या काठच्या एका गांवीं मी मुख्याध्यापक होतों. मावळचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांना सांगावयास नको कीं, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शाळेचें छप्पर हाच आमच्या अभ्यासक्रमांतला पहिला विषय असे. कौलें फुटलेलीं, वासे कुजलेले. मोठी सर आली कीं तिसरी व चौथीचे वर्ग एका कोपऱ्यांत गोळा करावे लागत. इमारत-निधीसाठीं पैसा हवा होता आणि तो कोठून येणार याचा पत्ता नव्हता. अशा वेळीं मोहिनीविद्येचे प्रयोग करणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले. काळा कोट, बोटांत खड्याची अंगठी, बरोबर एक पेटी व एक मदतनीस. तिकिटांचें निम्में उत्पन्न शाळेला देऊं, असें त्यांनीं सांगितलें. मीं दुसरा प्रश्नहि न विचारतां होकार दिला.

प्रयोग रात्रीं देवळासमोरच्या पटांगणांत झाला. विजेचा भरंवसा नव्हता म्हणून दोन गॅसबत्त्या आणून ठेविल्या होत्या. त्या गृहस्थांनीं मुलांना व्यासपीठावर बोलावलें. कोणाला कच्चा बटाटा सफरचंद म्हणून खावयास लावला, कोणाला घोडा केलें, कोणाला थंडीनें कुडकुडावयास लावलें. गांव पोट धरधरून हंसत होता, आणि खोटें कशाला बोलूं, मीहि हंसत होतों. त्यानंतर त्यांनीं माझ्या सातवीच्या वर्गांतल्या एका मुलाला वर घेतलें.

या मुलाचें नांव मी सांगत नाहीं. गणितांत हुशार, अक्षर मोत्यासारखें; परंतु बोलूं लागल्यापासून अडखळणारा. हजेरीच्या वेळीं 'हजर' हा शब्द त्याला साधत नसे. तो नुसता हात वर करी आणि मी पुढच्या नांवाकडे वळें. आम्हां दोघांमध्यें तो एक न बोललेला करार होता. त्या रात्रीं त्या गृहस्थांनीं त्याच्या डोळ्यांसमोरून हात फिरविला, कांहीं शब्द उच्चारले आणि म्हणाले, "तूं आतां आमदार आहेस. लोकांपुढें भाषण कर." आणि मुलगा बोलूं लागला! रस्त्याची खडी, विहिरीचें पाणी, शाळेचें गळकें छप्पर यांवर तो दोन-तीन मिनिटें एकहि अक्षर न अडखळतां बोलला. पटांगण चिडीचूप झालें. बायकांच्या बाजूला बसलेल्या त्याच्या आईनें पदर डोळ्यांस लावला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो पुन्हा पूर्वीसारखाच अडखळूं लागला. पूर्वीपेक्षां कांहींसा अधिकच.

त्याचा बाप माझ्याकडे आला तो रागानें लाल होऊन. "मास्तर, रातीं कसा फडाफडा बोलला? म्हंजी इतकीं वर्सं समदं सोंगच करतंय न्हवं का हें पोरगं!" घरीं त्यानें मुलाला मारलें होतें. वर्गांतलीं मुलें त्याला 'आमदार' म्हणून चिडवूं लागलीं. आणि मीं काय केलें? हजेरी घेतांना मी त्याच्या नांवाशीं थांबलों व म्हणालों, "म्हण बाळ, 'हजर' म्हण. परवां जमलें होतें ना?" सर्व वर्गाचे डोळे त्याच्याकडे वळले. त्याचे ओठ हलत राहिले, मान एका बाजूला ओढली गेली, आणि शब्द कांहीं आला नाहीं. त्या दिवसानंतर त्यानें हातहि वर करण्याचें सोडून दिलें. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेंत आला नाहीं. मुंबई-पुणें रस्त्यावरील एका हॉटेलांत तो कपबश्या विसळतो, असें कोणी सांगितलें. मी एकदां त्याला आणावयास गेलों. तो मागल्या दारानें निघून गेला.

छप्पर मात्र त्या पैशांतून दुरुस्त झालें. पुढच्या पावसाळ्यांत वर्गांत एक थेंब गळला नाहीं.

वस्तुतः चमत्कार कांहींच घडला नव्हता. जो अडखळतो तो गातांना बहुधा अडखळत नाहीं. इतरांबरोबर एका सुरांत कविता म्हणतांना अडखळत नाहीं. आणि दुसऱ्या कोणाचें सोंग घेऊन बोलतांनाहि कित्येकदां अडखळत नाहीं. वाणीचे उपचार करणारांना ही गोष्ट चांगली ठाऊक असते. सामुदायिक कवितेंत त्या मुलाचा आवाज स्वच्छ निघतांना मीं स्वतः शेंकडों वेळां ऐकला होता. पण ऐकलेल्याचा अर्थ मला लागला नव्हता. सोंग संपलें कीं अडखळणें परत येतें. त्यांत त्या मुलाचा अपराध तो काय?

आतां ही विद्या मूळची काय आहे, तें थोडक्यांत सांगतों. अठराव्या शतकांत मेस्मर नांवाच्या वैद्यानें पॅरिसमध्यें असा दावा मांडला कीं, आपल्या अंगांतून लोहचुंबकासारखा एक प्रवाह निघतो व त्यानें रोग बरे होतात. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें चौकशी-मंडळ नेमलें. त्यांत बेंजामिन फ्रँकलिन व रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे होते. प्रवाह वगैरे कांहीं नाहीं, जो परिणाम दिसतो तो कल्पनेचा, असा निर्णय त्यांनीं दिला. त्या निर्णयानें मेस्मरचा मान गेला. पण 'कल्पनेचा परिणाम' म्हणजे कांहींच नव्हे, असें मात्र ठरत नव्हतें. हें ज्यानें नेमकें ओळखलें तो मनुष्य आपला शेजारी होता. बारदेशांतल्या कांदोळी गांवीं १७५६ सालीं जन्मलेला जुझे कुश्तोदियु द फारिया, म्हणजेच आबे फारिया. वडिलांबरोबर तो लहानपणीं लिस्बनला गेला, रोममध्यें शिकून पाद्री झाला आणि पुढें पॅरिसला राहिला. तेथें १८१३ पासून तो जाहीर प्रयोग करूं लागला. निद्रा आणणारी शक्ति प्रयोग करणाराच्या बोटांत नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या मनांत असते, असें त्यानें प्रतिपादन केलें. १८१९ सालीं त्याचें पुस्तक निघालें आणि त्याच सालीं तो वारला. पणजीस मांडवीच्या काठीं रामचंद्र पांडुरंग कामत यांनीं घडविलेला त्याचा पुतळा आहे. तो १९४५ सालीं उभारला गेला. शाळेची सहल घेऊन गेलों असतांना मीं तो पाहिला. मुलें मात्र समोरच्या होड्यांकडेच पाहत होतीं.

या फारियाविषयीं गोमंतकांत एक आख्यायिका सांगतात. पोर्तुगालच्या राणीपुढें प्रवचन करावयास तो उभा राहिला आणि भीतीनें त्याची वाचाच बसली. जवळ उभ्या असलेल्या वडिलांनीं हळूच कोंकणींत सांगितलें कीं, ही समोर बसलेलीं मंडळी म्हणजे सगळी भाजी आहे. काप ती भाजी! त्या एका वाक्यासरशीं भीति गेली आणि प्रवचन उत्तम झालें. खरी असो वा नसो, ही गोष्ट मला फार आवडते. बापानें मुलाला निजविलें नाहीं, हातवारे केले नाहींत. आपल्या भाषेंत, योग्य क्षणीं, एक चित्र मात्र त्याच्या मनांत उभें केलें.

फारियानंतर ब्रेड नांवाच्या स्कॉटिश शस्त्रवैद्यानें १८४३ सालीं आपल्या ग्रंथांत या विषयाला ग्रीक भाषेंतल्या निद्रेवरून नवें नांव दिलें, आणि ती निद्रा नव्हे हें कळल्यावर तें नांव त्याचें त्यालाच बोंचूं लागलें. १८४५ सालीं बंगालमध्यें हुगळी येथें डॉ. एस्डेल यांनीं केवळ या मार्गानें वेदना शमवून शस्त्रक्रिया केल्या; ईथर व क्लोरोफॉर्म तेव्हां आलेलीं नव्हतीं. इतिहास येथेंच पुरे.

मुलांच्या बाबतींत ही गोष्ट इतकी कां लागू पडते? तान्हें मूल चालतां चालतां पडतें आणि रडावयास तोंड उघडतें, तोंच आजी म्हणते, "अग बाई, किती मुंग्या मेल्या बघ!" मूल खालीं वाकून मुंग्या शोधूं लागतें आणि रडणें विसरतें. गुडघा तोच, खरचटणें तेंच; लक्ष दुसरीकडे गेलें आणि वेदनेची धार बोथट झाली. आपल्या आयाबायांना ही विद्या कोणी शिकविली नाहीं. ज्या मुलाला काठीचा घोडा करतां येतो, भातुकलींतला भात खाऊन ढेंकर देतां येते, त्याला मनांतल्या चित्रांत शिरावयास उंबरठा ओलांडावा लागत नाहीं. सुमारें आठ ते बारा या वयांत ही शक्ति सर्वांत तीव्र असते, असें संशोधकांचें मत आहे. मोठेपणीं ती ओसरते. कांहीं कीर्तनकारांत व नटांत ती उरते, आणि म्हणूनच आपण त्यांचें ऐकावयास जातों.

आतां माझ्या घरांतली गोष्ट. माझी नात तळेगांवास राहते; मुलगा चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत नोकरीला आहे. नात नऊ वर्षांची असतांना तिची शाळा बदलली, आणि महिन्याभरांत तिचें पोट दुखूं लागलें. दुखणें सकाळीं सात वाजतां सुरू होई आणि शाळेची बस निघून गेली कीं अर्ध्या तासानें थांबे. आमच्या पिढीच्या शिक्षकाला याचें निदान करावयास डॉक्टर लागत नाहीं! 'नाटक करते' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तोंच १९८८ सालीं एका बापाच्या तोंडून ऐकलेला 'सोंग' हा शब्द आठवला आणि मी गप्प बसलों.

रक्त-लघवी तपासली, सोनोग्राफी केली. कोठेंहि दोष निघाला नाहीं. बालरोगतज्ज्ञांनीं सुनेला समजावून सांगितलें कीं, दोष दिसत नाहीं याचा अर्थ वेदना खोटी आहे असा नाहीं. आंतड्यांच्या शिरा व मेंदू यांच्यांत सतत निरोप चालू असतात. कांहीं मुलांत साधा निरोपसुद्धां मेंदूला वेदना म्हणून ऐकूं येतो, आणि मनांत धास्ती असली कीं तो अधिकच मोठ्यानें ऐकूं येतो. त्यांनीं आम्हांला पुण्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे धाडलें. तेथें संमोहन-उपचाराचें रीतसर शिक्षण घेतलेल्या एक मानसशास्त्रज्ञ बाई होत्या. मी बरोबर गेलों तो मनांत काळा कोट व खड्याची अंगठी घेऊनच.

काळोखी खोली नव्हती, लंबक नव्हता. उघड्या खिडकीची लहानशी खोली, एक चटई आणि रंगीत खडू. पहिले दोन वेळां तर त्यांनीं संमोहनाचें नांवहि काढलें नाहीं. नुसत्या गप्पा मारल्या. तिसऱ्या वेळीं विचारलें, "तुझें पोट दुखतें तें कसें दुखतें?" नात म्हणाली, "पोटांत मिक्सर लागतो." आम्ही घरांत दोन महिने 'दुखतें का, किती दुखतें' असें विचारीत होतों, 'कसें दुखतें' हें कोणीच विचारलें नव्हतें. मग बाई म्हणाल्या, "डोळे मिटावेसे वाटले तर मीट, नाहींतर उघडे ठेव. तुला सर्वांत आवडणाऱ्या ठिकाणीं मनानें जा, आणि काय काय दिसतें तें मला सांग." ती गेली कार्ल्याकडच्या आमच्या शेताच्या ओढ्यावर, जेथें पावसाळ्यांत आम्ही दोघें खेंकडे पाहावयास जातों. पाणी किती गार आहे, दगड किती निसरडा आहे, हें ती सांगूं लागली. तिच्या पायांचीं बोटें आखडलेलीं मीं पाहिलीं. श्वास संथ झाला होता. मग बाईंनीं विचारलें, "मिक्सरला बटण आहे का?" आहे म्हणाली. "त्यावर आंकडे किती?" तीन. "आतां कितीवर आहे?" दोनवर. नातीनें हवेंत बोट फिरविलें. "आतां?" एकवर. शून्यावर आणण्याची घाई बाईंनीं केली नाहीं. "असूं दे एकवर. एकवर असतांना बसमध्यें चढतां येतें का, तें उद्यां पाहूं," एवढेंच त्या म्हणाल्या.

हें सर्व चालू असतांना नात निजली होती, असें कोणी समजूं नये. मध्येंच एकदां तिनें डोळे उघडले, माझ्याकडे पाहून म्हणाली, "आबा, तुमचा चष्मा घसरलाय," आणि पुन्हा ओढ्यावर गेली.

अशा सहा बैठकी झाल्या. घरीं रोज दहा मिनिटें तिनें स्वतः तें करावयाचें. आम्हीं तिला त्याची आठवणहि करावयाची नाहीं. आणि मला एक निराळी ताकीद मिळाली. रोज सकाळीं नातीला जवळ घेऊन "आज पोट नाहीं ना दुखत?" असें विचारणारा मी. बाई म्हणाल्या, "आजोबा, तीहि सूचनाच आहे. तुम्ही रोज सकाळीं तिचें लक्ष पोटाकडे नेऊन ठेवतां." ३६ वर्षें मुलांत काढलेल्या माणसाला हें ऐकावें लागलें. मीं विचारणें थांबविलें. दुसरी गोष्ट, साध्या गप्पांतूनच कळली ती अशी कीं, बसमधलीं मोठीं मुलें तिच्या इंग्रजी उच्चारांची नक्कल करीत. सुनेनें शाळेंत जाऊन तिची जागा बदलून घेतली. तीन महिन्यांनीं दुखणें रोजच्याऐवजीं पंधरवड्यांतून एखादे वेळीं येऊं लागलें. आतां तर तेंहि क्वचितच येतें. यांत संमोहनाचें श्रेय किती, बसमधली जागा बदलल्याचें किती, आणि माझें तोंड बंद झाल्याचें किती, हें वांटून सांगणें मला शक्य नाहीं.

तथापि केवळ माझ्या नातीच्या अनुभवावर आपण विसंबूं नये. हॉलंडमधील डॉक्टरांनीं अशाच पोटदुखीच्या ८ ते १८ वर्षांच्या ५३ मुलांवर प्रयोग करून २००७ सालीं तो प्रसिद्ध केला. कांहींना नेहमींचे उपचार दिले, कांहींना सहा बैठकींचा संमोहन-उपचार. वर्षानंतर संमोहन-उपचार घेतलेल्या मुलांपैकीं शेंकडा ८५ बरीं होतीं. नेहमींच्या उपचारांचीं शेंकडा २५. सुमारें पांच वर्षांनीं पुन्हा पाहिलें तेव्हांहि हें प्रमाण शेंकडा ६८ व २० असें होतें. मुलें थोडीं होतीं हें खरें, परंतु अंतर लहान नव्हे. सुईची भीति, शस्त्रक्रियेपूर्वींची घबराट, जळलेल्या जागेची मलमपट्टी करतांना होणाऱ्या यातना, यांतहि या उपचाराचा उपयोग होतो. बिछाना ओला करणाऱ्या मुलांसाठीं मात्र त्याचा पुरावा लंगडा आहे. तेथें ओल लागतांच वाजणाऱ्या घंटेचा उपाय अधिक खात्रीचा, आणि त्याहून आधीं मारणें व लाजविणें बंद करण्याचा.

आणि वागणुकीच्या तक्रारी? आमची पाळी येईपर्यंत बांकावर बसून मीं पुष्कळ आईबापांचें बोलणें ऐकलें. "याला संमोहित करून अभ्यासाला बसवा." "हिचा मोबाईल सोडवा." "हा उलट उत्तरें देतो, तें बंद करा." बाईंचें उत्तर ठरलेलें होतें. मुलाला आज्ञाधारक करण्याचें हें औषध नाहीं. ज्या मुलाला स्वतःलाच आपल्या रागाची भीति वाटते, राग येण्याच्या आधीं छातींत काय होतें तें ओळखून जें स्वतःला आंवरूं पाहतें, त्याला यानें हातभार लागेल. बापाला हवें म्हणून मुलाचा स्वभाव बदलतां येणार नाहीं. चोरी करणारें, मारामारी करणारें, शाळा बुडविणारें मूल आणलें कीं त्या आधीं घराची चौकशी करीत, आणि बहुधा संमोहनाची पाळीच येत नसे. मुलांच्या अशा अडचणींसाठीं आपल्या देशांतलें पहिलें मार्गदर्शन-केंद्र मुंबईस १९३७ सालीं सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयानें काढलें. आज या गोष्टीला इतकीं वर्षें झालीं, तरी आमच्या आंदर मावळांत अशा मुलाचा पहिला वैद्य देवऋषीच असतो. नुसता अंगारा लावला तर मी वाद घालीत नाहीं; आईनें मीठ-मोहऱ्या ओंवाळून दृष्ट काढली तर मुलाला आईचा हात तरी लागतो. पण भूत उतरविण्यासाठीं मिरच्यांची धुरी देणें, साखळीनें बांधणें, मारणें, हे प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें महाराष्ट्रांत गुन्हा ठरले आहेत. त्या कायद्यासाठीं झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षीं २० ऑगस्टला पुण्यांत खून झाला, हें आपणांस विदित आहेच. शिक्षकांपुरतें म्हणाल तर, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें मुलाला मारणेंच नव्हे, तर त्याचा मानसिक छळ करणेंहि निषिद्ध केलें आहे. भर वर्गांत 'म्हण, हजर म्हण' असें खिंडींत गांठणें त्यांत बसतें कीं नाहीं, हा प्रश्न मीं स्वतःला पुष्कळदां विचारला आहे.

हा उपचार कोणाकडून घ्यावा, याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. केंद्रीय आरोग्य खात्यानें २००३ सालीं संमोहन-उपचार ही एक उपचारपद्धति म्हणून मानली, परंतु योग्य शिक्षण घेतलेल्यांनींच ती वापरावी असें बजाविलें. जाहिरातींत 'तीन बैठकींत खात्रीनें' असें लिहिणारा, आईबापांना खोलीबाहेर बसविणारा, वैद्यकीय तपासणीच्या आधींच पैसे मोजून घेणारा, यांच्यापासून दूर राहावें. मुलाच्या मनांत दडलेली जुनी आठवण मोहनिद्रेंत बाहेर काढून देतों, असें जो म्हणतो त्याच्यापासून तर फारच दूर. मोहनिद्रेंत मूल जें सांगतें तें घडलेलेंच असतें असें नाहीं. विचारणाराच्या प्रश्नांतूनहि आठवण तयार होते आणि मग ती मुलाला खरीच वाटूं लागते. ज्या मुलाला भास होतात त्याच्यावर हा प्रयोग करूं नये. त्याला आधीं मनोविकारतज्ज्ञ हवा. खेड्यांतल्या आईबापांनीं कोठें विचारावें असें म्हणाल, तर २०२२ पासून सरकारचा १४४१६ हा दूरध्वनि-क्रमांक चालूं आहे. तेथें मराठींत बोलतां येतें व पैसे पडत नाहींत.

लोणावळ्यास कैवल्यधाम आहे. जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद यांनीं तें १९२४ सालीं स्थापन केलें. ते मूळचे शिक्षकच; अमळनेरला शिकवीत होते, म्हणून मला त्यांच्याविषयीं विशेष आपुलकी. योगाच्या सिद्धींविषयीं लोक वाटेल त्या कथा सांगत असतां त्यांनीं क्ष-किरणांचें यंत्र व रक्तदाब मोजण्याचें साधन आणलें, आसनें व प्राणायाम करणाऱ्या माणसांवर मोजमापें घेतलीं, आणि जें सांपडलें तें 'योग-मीमांसा' या नियतकालिकांत छापलें. संमोहनालाहि हीच कसोटी हवी. आमच्या पटांगणांतल्या त्या रात्रीं कोणी काय मोजलें? तिकिटें तेवढीं मोजलीं.

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट सांगून आटोपतें घेतों. मी लोणावळ्याहून लोकलनें परत येत होतों. मळवलीला एक गृहस्थ गाडींत चढले. पन्नाशीच्या घरांतले, हातांत दुधाची रिकामी किटली, बरोबर बारा-तेरा वर्षांचा मुलगा. मला पाहून ते थबकले. माझ्या शेजारीं बसले, आणि बऱ्याच वेळानें, ओठांशीं झगडत म्हणाले, "ग... ग... गुरुजी." मीं ओळखलें. मला उठून उभें राहावेंसें वाटलें, पण गुडघ्यांनीं साथ दिली नाहीं. त्यांनीं आपली हकीकत सांगितली: दोन म्हशी आहेत, थोडें भाताचें रान आहे, मुलगी लग्न होऊन वडगांवास दिली. त्या रात्रीविषयीं ते कांहीं बोलले नाहींत, आणि मींहि नाहीं. कामशेत येऊं लागलें तेव्हां मुलाकडे बोट करून म्हणाले, "ह्यो बी माझ्यासारखाच हाय. गुरुजी, त्यो... त्यो जादूवाला पुन्यांदा यील का?"

अडखळणें पुष्कळदां घराण्यांत चालतें, हें मला तोंवर कळलेलें होतें. इतकीं वर्षें त्या गृहस्थांनीं त्या तीन मिनिटांची आठवण आपल्या जन्मांतलें एकमेव सुख म्हणून जपून ठेविली होती, हें मात्र त्या क्षणीं कळलें. मीं सांगितलें कीं, जादूवाला येणार नाहीं, आणि आला तरी त्याच्याकडे जाऊं नये. यासाठीं वाणीचे उपचार करणारे लोक असतात. त्यांना महिने लागतात. अडखळणें अगदीं नाहींसें होईल असेंहि नाहीं, पण बोलण्याची भीति जाते. मुंबईस वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नांवानें वाणी व श्रवण यांच्या दोषांवरील राष्ट्रीय संस्था आहे. तिची स्थापना १९८३ सालची. म्हणजे आमच्या पटांगणांत तो प्रयोग झाला तेव्हां ती संस्था पांच वर्षांची होती आणि गाडीनें अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होती. मला तिचें नांवसुद्धां ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक करून घेण्याची बुद्धि मला झाली नव्हती.

मुलाला मीं त्याचें नांव विचारलें. त्यानें बापाकडे पाहिलें, मग खिडकीबाहेर पाहिलें. गाडी कामशेतला थांबली, माणसें उतरलीं, चढलीं, गाडी पुन्हा निघाली. मी थांबलों होतों. कान्ह्याच्या अलीकडे केव्हांतरी त्यानें आपलें नांव पुरें सांगितलें.

येत्या मंगळवारीं सकाळच्या सिंहगड एक्स्प्रेसनें आम्ही तिघे वांद्र्यास जाणार आहोंत. ही आमची तिसरी खेप आहे.